निंबाळीचं पहिलं बोलावणं

निंबाळी गावात शिरताना डाव्या हाताला जो डोंगर लागतो, त्याच्या अंगावर एक लांबट पांढरा व्रण आहे. पावसाळ्यात सगळा डोंगर हिरवा होतो, पण त्या जागी गवताची काडी उगवत नाही. गावातले लोक त्याला खडूचा कडा म्हणतात. तिथला दगड शाडूसारखा मऊ, पांढराशुभ्र, भिंती सारवायला याच्यासारखा दुसरा नाही. आसपासच्या गावांत दिवाळीला घरं पांढरी होतात. निंबाळीत मात्र फुकटचा दगड उशाशी असून घरं मातीच्याच रंगाची राहतात. त्या दगडाला गावातलं कुणी हात लावत नाही.

अलीकडे निंबाळीला पाहुणे फार. या गावात शाळेबाहेर एकही मूल नाही, मेंढपाळाचं नाही की ऊसतोड्याचं नाही, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तर इथल्या मुली दरवर्षी झळकतात. म्हणून तालुक्याचे अधिकारी येतात, दुसऱ्या शाळांचे शिक्षक गाडी करून येतात, आणि विचारतात, तुम्ही नेमका कोणता उपक्रम राबवता? गावकरी त्यांना नारबाअण्णांकडे घेऊन जातात. अण्णा ऐंशीच्या पुढचे, तोंडाने फटकळ. उपक्रम हा शब्द ऐकला की त्यांचं डोकं फिरतं. "उपक्रम कसला आलाय, दुखणं हाय आमचं ते," असं म्हणून ते पाहुण्यांना पारावर बसवतात, कड्याकडे तोंड करून, आणि सांगायला लागतात. अण्णांनी स्वतः यातलं काही पाहिलेलं नाही. त्यांनी आईकडून ऐकलं, आईने तिच्या सासूकडून. म्हणून त्यांच्या सांगण्यात 'म्हणे' पुष्कळ असतं.

तेव्हा गावाला ना रस्ता होता, ना वीज. शाळा चावडीच्या पडवीत भरायची. शाळेवर मगदूम गुरुजी म्हणून एक तरुण मास्तर आले होते, नदीकाठचे, नेमिनाथ त्यांचं नाव. मनाने फार चांगला माणूस, असं सांगतात, पण विलक्षण भिडस्त. पोरांशी दिवसभर बोलतील, गाणी म्हणतील, हातवारे करून गोष्टी सांगतील. मोठं माणूस समोर आलं की यांच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. वाण्याकडे साखर मागायची तरी आधी मनात वाक्य जुळवून जायचे म्हणे.

गावाबाहेर, डोंगराच्या अगदी पायथ्याला, धुळाबाई नावाच्या धनगरणीचं खोपट होतं. नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला असायचा. ही मागे शेळ्या सांभाळायची. तिला एकच लेक, तानू. तानू शेळ्या हाकत हाकत बरोबर चावडीच्या मागे यायची आणि चिंचेखाली उभी राहायची. शेळ्यांना तिथे खायला काही नव्हतं. पण आत पाढे चालायचे.

एकदा गुरुजींनी वर्गाला सत्तावीस सत्ते विचारलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तेवढ्यात भिंतीमागून आवाज आला, "एकशे एकोणनव्वद!" पोरं खो खो हसली. गुरुजी बाहेर धावले, तर ही शेळीचा कान धरून उभी, पळू की नको अशा बेतात. त्या दिवसापासून गुरुजींच्या मनाने घेतलं, ही पोर वर्गात बसली पाहिजे.

सरळ गोष्ट होती. खोपटापर्यंत चालत जायचं आणि आईला विचारायचं. गुरुजींनी आधी पाटलांचा कानोसा घेतला. पाटील मिशीत हसले. "धनगराची बाई पोरीला साळंत धाडंल व्हय? नगा इचारू गुरुजी, तोंडघशी पडाल." चावडीवर बसलेल्या साऱ्यांनी माना डोलावल्या. यातल्या एकानेही त्या खोपटाचं दार कधी पाहिलं नव्हतं. लग्नाचं बोलावणं असो की बारशाचं, ते गावच्या शेवटच्या घरापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. पण ते ठामपणे बोलले, आणि गुरुजींना ते पटलं. खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखंच झालं. विचारायची पाळी टळली होती.

मग त्यांनी दुसरी वाट काढली. शाळेत तेव्हा खडू नव्हता, आणि तानूचे हात कायम कड्याच्या दगडाने पांढरे झालेले असायचे. गुरुजी चिंचेखाली जाऊन तिला म्हणाले, "तानू, शाळेला खडू नाही गं. तू रोज थोडा दगड आणून देशील का? आणि तो फळ्यावर नीट उमटतो का, ते बघायला जरा आत बसायला लागेल."

तानू धावत घरी गेली. धुळाबाईला तर आभाळ ठेंगणं झालं. गावाने तिच्या घराकडे आजवर कधी काही मागितलं नव्हतं. आज शाळा मागत होती. तिने जुन्या लुगड्याच्या पदराची पिशवी शिवून लेकीच्या खांद्याला अडकवली.

तानू आधी घटकाभर बसायची. मग मधल्या सुट्टीपर्यंत बसायला लागली, मग दिवसभर. शेळ्या चिंचेला बांधलेल्या, पाला आणून टाकलेला. तो दगड मऊ असला तरी खरखरीत, पोरांच्या बोटांची सालं निघायची, फळा ओरखडायचा. पण तानूच्या अक्षराकडे बघून गुरुजींचे डोळे निवायचे.

पुढे सरकारी खडू आले. बैलगाडीतून खोकी उतरली, भरभरून, कित्येक वर्षं पुरतील एवढी. गुरुजींच्या लगेच लक्षात आलं. खडू आले म्हणजे तानूचं काम संपलं. काम संपलं की ती पुन्हा चिंचेखाली. मग त्यांनी ती खोकी लाकडी कपाटात तळाशी सारली, वर जुने नकाशे टाकले आणि कपाटाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी तानू दगड घेऊन आली, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "बरं झालं आणलास. अडलंच होतं आमचं," असं म्हणाले. पोर केवढी फुलली म्हणे.

असे दोन पावसाळे गेले. तालुक्याला पाठांतराची आणि हस्ताक्षराची स्पर्धा झाली आणि दोन्हींत निंबाळीची तानू पहिली आली. गाव आनंदाने वेडं व्हायचंच बाकी राहिलं. ज्या पाटलांनी मिशीत हसून घेतलं होतं, तेच आता येईल जाईल त्याला "आमची तानू" म्हणून सांगायला लागले. सत्कार गावातच करायचा ठरलं. मोठे साहेब येणार, चावडीपुढे मांडव पडणार, तानूला लुगडं-चोळी आणि तिच्या आईला मानाची जागा.

आदल्या दिवशी सगळी गडबड. गुरुजी शिडीवर चढून आंब्याची पानं बांधत होते. तानू दारात येऊन उभी राहिली.

"गुरुजी, उद्या दगूड आनू का?"

इथे नारबाअण्णा दरवेळी थांबतात. पाहुण्यांपैकी कुणी घाई केली तर त्याच्याकडे रागाने बघतात. कारण गुरुजींना 'नको' म्हणता आलं असतं. उद्या सत्कार होता, वर्ग भरणार नव्हता, आणि लिहायचंच झालं तर कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात होती. पण जे रोज म्हणायची सवय लागली होती, तेच तोंडातून गेलं.

"आण की. आणि चांगला बघून आण हं. साहेब तुझं नाव फळ्यावर लिहिणार आहेत."

चांगला दगड कड्याच्या पोटात होता. वर्षानुवर्षं बायकांनी भिंतींसाठी खणून खणून तिथे कपार पाडली होती. वर नुसता कडा लटकलेला. आणि तो आठवडा पावसाचा होता.

सत्काराला सारं गाव लोटलं. साहेब आले, हार झाले, भाषणं झाली. बायकांच्या शेवटच्या रांगेत धुळाबाई नवं लुगडं नेसून बसली होती. पुढे या, पुढे या, म्हणून बायका तिला ओढत होत्या, पण ती लाजून जागची हलत नव्हती. पाटलांनी तानूचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. "शेळ्यांमागं असंल," कुणीतरी म्हणालं आणि मांडवात हशा पिकला. पुन्हा नाव पुकारलं. गुरुजी उठून रस्त्याकडे बघायला लागले.

तेवढ्यात शेळ्या आल्या. मांडवात शिरल्या, माणसांच्या पायांतून सैरावैरा फिरायला लागल्या, ओरडायला लागल्या. त्यांच्यामागे कुणी नव्हतं. लोक हुसकायला उठले. धुळाबाईने शेळ्यांकडे एकदा बघितलं आणि ती धावत सुटली. तिच्या मागोमाग गुरुजी आणि मग गाव.

अर्धा कडा खाली आला होता. हातांनी, पाट्यांनी, सापडेल त्याने लोकांनी दगड उपसले. दिवस मावळायच्या आत पोर सापडली. अंगभर पांढरी झाली होती. खांद्याची पिशवी भरलेली होती, आणि आतला दगड खरोखरच फार चांगला होता.

तानूचे दिवस झाल्यावर गाव चावडीपुढे जमलं. पाटील बोलले, तालुक्याचे कुणी बोलले. शाळेसाठी पोरीने प्राण दिला, असं सगळ्यांचं म्हणणं. तिचं देऊळ बांधू, शाळेला तिचं नाव देऊ, कड्याच्या पांढऱ्या दगडाची मूर्ती घडवू. बायका डोळे पुसत होत्या. धुळाबाई समोर बसली होती, कुणाकडेच बघत नव्हती.

मगदूम गुरुजी मागे एका कडेला बसले होते म्हणे. ते हे सगळं ऐकत होते. देऊळ हा शब्द आल्यावर ते उठले, पडवीत गेले, कपाट उघडलं, नकाशे बाजूला फेकले आणि एकेक खोकं आणून धुळाबाईच्या पुढ्यात ठेवलं. खडू बाहेर सांडले. मांडीवर येऊन पडलेला एक खडू तिने उचलला आणि बोटांनी चाचपून बघितला. तो गुळगुळीत होता.

"ह्ये कवा आलं?"

"पुष्कळ दिवस झाले, बाई."

"तानू आनत हुती तवा हुतं?"

"होते."

कुणाला वाटलं, आता ही बाई दगड उचलून मास्तरांच्या डोक्यात घालणार. घातला असता तर गुरुजींनी डोकं पुढे केलं असतं.

"मग तिला कशापायी धाडलंसा?"

"ती शाळेत यावी म्हणून," गुरुजी म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना. "काही काम असल्याशिवाय तुम्ही तिला पाठवणार नाही, असं मला वाटलं."

"कुनी सांगितलं तुमास्नी?"

गुरुजींनी मान वर करून गावाकडे बघितलं. पाटील जमिनीकडे बघत होते. सगळेच जमिनीकडे बघत होते.

"मला कुनी इचारलंच न्हाई," धुळाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दरसाल तुमी लोक पोरं गोळा करत समद्यांच्या दारात जायचासा. म्या खोपटाम्होरं उबी ऱ्हाऊन बघायची. वाटायचं, आज हिकडं येतील. शेवटच्या घरापातूर यायचासा आन् माघारी फिरायचासा. नुसतं दारात येऊन ये म्हनला असता गुरुजी, तर दुसऱ्या दिशी न्हाऊ घालून धाडली असती तिला. त्यात काय दगूड लागत हुता व्हय?"

मग ती उठली. देऊळ नको म्हणाली, मूर्ती नको म्हणाली, त्या डोंगराचा दगड परत कुणी गावात आणू नका एवढंच म्हणाली, आणि शेळ्या सोडून घरी गेली. निंबाळीच्या भिंती तेव्हापासून पांढऱ्या झालेल्या नाहीत.

मगदूम गुरुजी गाव सोडून जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते गेले नाहीत. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी ते सकाळीच निघाले. मागून थोडी माणसं गेली, पाटीलही गेले. गुरुजी गावातल्या एकाही घरी थांबले नाहीत. शेवटचं घर मागे टाकून ते डोंगराच्या पायथ्याला खोपटापुढे जाऊन उभे राहिले. धुळाबाई शेळी पिळत होती. जन्मभर मोठ्या माणसांपुढे अडखळलेल्या गुरुजींनी मोठ्याने हाक मारली.

"शाळेत ये."

धुळाबाई कासंडी खाली ठेवून उभी राहिली. "कुनाला म्हनता, गुरुजी?"

"तानूला."

तिने लुगड्याला हात पुसले. "येती म्हनली असती," ती म्हणाली, आणि तिथेच दारात बसून, पोर गेल्यापासून पहिल्यांदा, रडली.

धुळाबाई गेली, मगदूम गुरुजी गेले, खोपटाचा नुसता चौथरा उरला आहे. पण आजही जून महिना लागला, की निंबाळीचे सगळे शिक्षक पोरं बोलवायला घरोघर फिरतात. शिकून काय मिळेल, पुस्तकं फुकट मिळतील का, जेवण मिळेल का, यातलं ते एक अक्षर सांगत नाहीत. दारात उभं राहून मुलाला नावाने हाक मारतात आणि ये म्हणतात. हे बोलावणं सुरू मात्र गावातून होत नाही. सगळे आधी डोंगराच्या पायथ्याला जातात. त्या वर्षी शाळेत नव्याने आलेल्या शिक्षकाने चौथऱ्यापुढे उभं राहून हाक मारायची असते. कुणाकुणाचा आवाज फुटत नाही, त्याला परत मारायला लावतात.

"तानू, शाळेत ये."

मग सगळे थोडा वेळ तिथेच थांबतात. आणि मग ते गावाकडे वळतात.