माणिकशेठचा फोन आणि कोंडाबाईचा नारळ

माणिकशेठच्या दुकानातून घेतलेला फोन महिन्याच्या आतच मुका झाला. समोरच्याला घंटी ऐकू जायची, पण कोंडाबाईच्या हातात फोन दगडासारखा गप्प. आणि तो गप्प राहून चालणार नव्हतं. तिची एकुलती एक लेक सुलभा सुरतेला होती, तिचे दिवस भरत आले होते. पोटात पहिली कळ आली की तिने फोन करायचा आणि आईने मिळेल त्या गाडीने निघायचं, असं दोघींचं ठरलं होतं.

कोंडाबाई मारुतीच्या देवळाबाहेर नारळ विकायची. समोरच माणिकशेठचं मोबाइलचं दुकान, मधे फक्त रस्ता. फोन पदरात गुंडाळून ती रस्ता ओलांडून गेली. वर्षभराची हमी होती, तेव्हा फोन बदलून मिळेल अशी तिची साधी समजूत.

माणिकशेठ फोन विकताना उभा राहून हात जोडायचा. तक्रार आली की मात्र त्याला खुर्चीतून उठवत नसे. त्याने फोन उलटा केला, सुलटा केला, नाकाशी धरला.

"पाणी गेलंय."

कोंडाबाई म्हणाली, फोन पाण्याजवळ नेलाच नाही.

"मावशी, तू नारळ विकतेस ना? नारळात पाणी असतं ना? मग गेलं ते फोनात."

दुकानातली माणसं हसली. आपण फार हुशारीचं बोललो असं वाटून शेठला आणखी चेव आला. फोन विकला तेव्हाच आतून बिघडलेला होता, हे डोळ्यांनी पाहिलेला एक साक्षीदार आण, लगेच बदलून देतो, असं तो म्हणाला. कोंडाबाईने सांगितलं, डबा तर बंद होता, आत कोण बघणार? शेठ म्हणाला, बघितलं नाही कोणी, म्हणजे बिघाड नव्हताच. आणि मी तर नुसता विकणारा, हमी कंपनीची. अर्ज लिहून दे, महिन्याने उत्तर येईल.

लेकीचं बाळंतपण महिनाभर थांबणार होतं थोडंच! कोंडाबाई फोन पदरात गुंडाळून परत आली. त्या दिवसापासून फोन तिने मांडीवरच ठेवला. गिऱ्हाईक नारळ मागायचं आणि हिची नजर फोनच्या काचेवर.

त्याच आठवड्यात शेठने दुकानाचा वरचा मजला बांधून पुरा केला. उद्घाटनाला सोलापूरहून उपाध्येसाहेब आले. शेठ ज्या कंपनीचे फोन विकायचा, तिचा या भागातला सगळा कारभार त्यांच्या हातात. शेठ त्यांच्यापुढे इतका वाकला होता की फेटा दोनदा सुटला. मुहूर्ताचा नारळ कोंडाबाईकडूनच गेला. तिने नेहमीसारखा कानाशी हलवून, चांगला बघून दिला.

साहेबांनी तो उंबऱ्यापुढच्या दगडावर फोडला. आतून काळाकुट्ट खोबरं निघालं आणि असा वास सुटला की मांडवातल्या बायकांनी नाकाला पदर लावले.

नारळ नासका निघाला तर करवंटी आणून दाखवायची आणि दुसरा घेऊन जायचा, ही कोंडाबाईची रीत गावाला पाठ होती. ना कागद, ना प्रश्न. दुकानातला माणूस करवंटी घेऊन धावत आला. पण आज कोंडाबाईने नारळांच्या ढिगावर हात ठेवला आणि शेठलाच पाठव म्हणाली.

दुसरा नारळ विकत घ्यायचा तर शेठच्या खिशातून किती जाणार होतं? पण फुकट मिळायच्या वस्तूला पैसे मोजायचे, हे त्याच्या जिवावर आलं. मुहूर्त सोडून, पाहुण्यांना उंबऱ्यात ताटकळत ठेवून, जरीचं उपरणं सावरत तो स्वतः रस्ता ओलांडून आला.

"बदलून दे. आत सगळा नासलाय."

"तुमच्या दुकानात नेल्यावर नासला असेल, शेठ. मी दिला तेव्हा आतून नासका होता, हे पाहिलेला साक्षीदार आहे का?"

"बंद नारळाच्या आत कोण बघणार?"

"बघितलं नाही कोणी, म्हणजे नासका नव्हताच."

रस्त्यात माणसं जमली. उशीर का होतोय ते बघायला साहेबही मागून आले. शेठचा आवाज चढला. "विकलास तू. भरून तूच दिला पाहिजेस!"

"मी नुसती विकणारी. नारळ केला झाडाने, तेव्हा हमी झाडाची. झाड कोकणात आहे. अर्ज लिहून द्या, महिन्याने उत्तर येईल. तोवर मुहूर्त थांबवा."

माणसं पोट धरून हसायला लागली. शेठ उपरण्याने मान पुसत राहिला. साहेबांनी विचारलं, हे बोलणं नारळाचं दिसत नाही, खरं काय आहे? कोंडाबाईने मांडीवरचा फोन पुढे केला आणि सुरतेच्या लेकीसकट सगळं सांगितलं. मधेच शेठ पुटपुटला, "साहेब, नारळाचं पाणी…"

"कुठल्या नारळाचं, शेठ?" कोंडाबाई म्हणाली. "माझ्याकडचे नारळ तर सगळे बंद आहेत."

आता साहेबांना हसू आवरेना. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"बाई, कोकणात जायला नको. झाड आपल्या पायांनी इथे आलंय. ते मीच."

त्यांनी शेठला वरच्या मजल्यावर पाठवलं आणि काचेच्या कपाटातला, घंटी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा फोन आणायला लावला. त्याचे पैसे कंपनी देणार नाही, शेठ, ते तुम्ही द्यायचे, तेवढी शिक्षा गोड मानून घ्या, असंही वर म्हणाले. सिमकार्ड घातल्यावर कोंडाबाईने तिथूनच सुरतेला फोन लावला. सुलभा पोटावर हात ठेवून गव्हातले खडे निवडत बसली होती. अजून वेळ होता.

कोंडाबाईने ढिगातला भला मोठा नारळ उचलला, कानाशी हलवला आणि शेठच्या हातात ठेवला. शेठनेही नव्या फोनचा हमीचा कागद काढला आणि तिच्यापुढे धरला.

"कागद राहू द्या. माझ्यासारखं तोंडाने सांगा."

शेठने साहेबांकडे पाहिलं. साहेब आभाळाकडे बघत होते.

"खराब निघाला तर… बदलून देईन," शेठ पुटपुटला.

"मोठ्याने सांगा, शेठ. झाडाला ऐकू गेलं नाही."

साहेब इतके हसले की त्यांना नारळाच्या पोत्यावर टेकावं लागलं. माणिकशेठला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, आणि या वेळी ते देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत गेलं.