अष्टगंधाचे आकडे

“सहाला तोंड वाकडं झालं, आणि माझ्यापुढे आणलीस अकराला! मधले पाच तास कुठे होतास तू?”

हणमंत कासार इस्पितळाच्या भिंतीला टेकून उभा होता. हातात आईच्या चपला.

“बुवांकडं नेली हुती, साहेब. टेकडीवरच्या. त्यांनी...”

“बास!”

डॉक्टर आल्हाद गुळवणीने पुढचं ऐकलं नाही. बुवांचं नाव आलं, म्हणजे ऐकण्यासारखं उरलंच काय होतं?

आता हा आल्हाद काही साधासुधा डॉक्टर नव्हे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा डॉक्टर. मांडीतल्या शिरेतून बारीक तार आत घालायची, ती सरकवत सरकवत मेंदूपर्यंत न्यायची आणि तिथे अडकलेली रक्ताची गुठळी ओढून काढायची, हे त्याचं काम. अख्ख्या जिल्ह्यात हे करणारा तो एकटा. आणि ही गोष्ट त्याला स्वतःलाही चांगलीच ठाऊक होती.

हणमंतच्या आईची, अनसूयाची, गुठळीही त्याने वीस मिनिटांत काढली. पण पाच तास रक्तावाचून तडफडलेला मेंदू काही परत मिळत नाही. बाई जगली. उजवा हात गेला, वाचा गेली.

बाई बांगड्या भरणारी. हात आणि तोंड, दोन्हींवर पोट. आसपासच्या गावांत नवरीचा चुडा भरायला हीच लागायची. पोरगी हात आखडायची, मग ही तिला बोलण्यात अशी गुंतवायची की बांगडी कधी चढली ते पोरीला कळायचंही नाही. ती अनसूया आता खाटेवर पडून नुसती बघत होती.

आल्हादला ते लागलं. मनापासून लागलं, खोटं कशाला बोला. आणि काही लागलं की तो चिडायचा. तपासायला घेतली तेव्हा तिच्या डाव्या हातावर भगव्या अष्टगंधाने काहीतरी लिहिलेलं दिसलं होतं, तेव्हाही तो असाच चिडला होता.

“हे मंतरलेले आकडे पुसा आधी!”

नर्सने स्पिरिटचा बोळा फिरवला आणि पुसले.

अनसूया काही पहिली नव्हे. महिन्याला एखादा तरी ‘बुवांकडून आलो’ म्हणणारा निघायचाच. गुरुवारी सकाळी आल्हादने वॉर्ड हाताखालच्या डॉक्टरवर सोपवला आणि गाडी काढली. बुवांकडून त्याला एकच गोष्ट कबूल करून घ्यायची होती. लकव्याचा माणूस यापुढे मठाची पायरी चढणार नाही. बस्स. नाहीतर पोलीस, कलेक्टर, पेपरवाले, जो सापडेल तो.

पाऊण तासाचा रस्ता. आठ वाजता तो टेकडीवर पोचला, तर दारात पारू.

पारू मठाची झाडलोट करायची आणि दारही सांभाळायची. पन्नाशीची, काटक, कमरेला पदर खोचलेला.

“चपला तिकडं.”

“मी पेशंट नाही.”

“चपला कुणाच्याबी असू द्यात. तिकडं.”

“अहो, मी डॉक्टर आहे! जिल्ह्याच्या इस्पितळातून आलोय.”

“ठावं हाय मला. बसा मागं.”

मागं म्हणजे रांगेत. तीस-पस्तीस माणसं. कुणाचा हात छातीशी वाकलेला, कुणाच्या पायात फरफट, कुणाच्या ओठातून लाळ. आल्हाद एकेकाकडे बघत होता आणि त्याचं डोकं तापत होतं. एवढी माणसं! एवढे मेंदू या म्हाताऱ्याने फुकट घालवले!

शेजारचा म्हातारा डाव्या हाताने तंबाखू मळायचा प्रयत्न करत होता.

“कुठली बाजू गेली तुमची?”

“कुठलीच नाही!” आल्हाद फिस्कारला.

“हं... मग डोस्क्यात गेलं असंल.”

आल्हादने घड्याळ पाहिलं. साडेआठ.

पुढे ओट्यावर भानूबुवा बसले होते. पंचाहत्तरीचे, हाडकुळे, अंगात बंडी. एका माणसाच्या आखडलेल्या बोटांना तेल चोळत होते. चोळून झाल्यावर त्यांनी त्याच्यापुढे पाच शेंगदाणे ठेवले.

“उचल.”

एक उचलला. दुसरा उचलला. तिसरा निसटून घरंगळत गेला. बुवा तो शेंगदाणा परत येईपर्यंत थांबले, मग तो माणूस पुन्हा वाकेपर्यंत थांबले. त्यांना कुठे जायचंच नव्हतं जणू.

अरे बाबा, उचलून दे त्याच्या हातात आणि मोकळा हो! आल्हाद मनातल्या मनात ओरडला.

नऊ वाजले.

“अहो बाई, माझा वेळ काय फुकट आहे?”

“कुणाचाच नसतो, साहेब,” पारू म्हणाली, आणि झाडू घेऊन पुढे गेली.

झालं. एवढं त्याला पुरलं. तो ताडकन उठला, रांग ओलांडून थेट ओट्यापुढे जाऊन उभा राहिला.

“बुवा, मला बोलायचंय.”

“बसा.”

“बसणार नाही!”

“मग उभ्यानं बोला.”

“मेंदूला रक्त थांबलं ना, की मिनिटाला वीस लाख पेशी मरतात. मिनिटाला! गुठळी विरघळवायची सुई साडेचार तासांच्या आत द्यावी लागते. आणि तुम्ही इथे माणसं धरून बसता. तेल लावता, आकडे काढता, अंगारा...”

“अंगारा नाही देत मी.”

“तेच ते! ती अनसूया कासार. तिची वाचा गेली ती तुमच्यामुळे! मेंदूत जातो तो एकेक क्षण...”

खाली जीपचा हॉर्न वाजला.

बुवांनी त्याचं वाक्य अर्ध्यावर टाकलं आणि ते उठले. रांगेतल्या माणसांनी पाय आखडून वाट केली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

“मी बोलतोय, बुवा!”

“बोला की.” ते पायऱ्या उतरत म्हणाले.

आणि आल्हाद खरंच बोलत राहिला. पायऱ्या उतरत, त्यांच्या पाठीला चिकटल्यासारखा, मिनिटांचं महत्त्व सांगत राहिला.

जीपमध्ये पिठाची गिरणी चालवणारा निवृत्ती. भुवया पिठाने पांढऱ्या. डोकं बायकोच्या मांडीवर. जीपवाला त्याला उतरवायला लागला, तशी बुवांनी काठी आडवी धरली.

“उतरवू नको.”

मग आत वाकले.

“निवृत्ती, हस बघू.”

अर्धंच तोंड हसलं.

“दोन्ही हात वर.”

डावा आला. उजवा मांडीवरून हललाच नाही.

“नाव सांग तुझं.”

“न... ब्... ब्...”

आल्हादच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

“अगं, रडू नंतर,” बुवा बायकोला म्हणाले. “धड कधी होता शेवटचा?”

“चहा घेतला तवा चांगला बोलला की ओ. साडेआठ झालं हुतं. मग गिरणीचा पट्टा चढवायला गेला आन्...”

बुवांनी बंडीच्या खिशातून अष्टगंधाची डबी काढली. बोट थुंकीने ओलं केलं. निवृत्तीच्या डाव्या हातावर लिहिलं, साडेआठ. पारूकडे न बघता विचारलं,

“किती वाजले?”

“सव्वानऊ.”

खाली दुसरा आकडा लिहिला. सव्वानऊ.

“पाणी पाजू नका. वाटेत कुठं थांबू नका, देवाला पण नाही. गाडी वळव रे. थेट जिल्ह्याला.”

दोन मिनिटं. दोनही नसतील.

बोळ अरुंद, एका बाजूला विहिरीचा कठडा. जीपवाला हातभर मागे, हातभर पुढे करत गाडी वळवू लागला. पारू चाकामागे दगड लावायला धावली.

आल्हाद तिथेच उभा होता.

“हे आकडे...”

“वरचा धड असल्याचा. खालचा इथनं निघाल्याचा.” बुवा बोट बंडीला पुसत म्हणाले. “घाबरलेलं माणूस तुमच्याकडं येऊन भलतीच वेळ सांगतं. अंगावर लिहिलेली असली की घोळ नको.”

“पण ही रांग? ही सगळी...”

“तुमच्याकडनं परत आलेली. शिळं दुखणं माझ्याकडं, ताजं ओळखून, वेळ लिहून तुमच्याकडं. आजूबाजूच्या बारा गावांना ठाऊक आहे.”

“अनसूयाच्या हातावर काय लिहिलं होतं?”

“सहा. पावणेसात.”

“पावणेसात?” आल्हादचा आवाज चढला. “पावणेसातला इथून निघाली, तर साडेसातला ती माझ्या दारात हवी!”

“व्हतीच की.” चाकामागून पारू म्हणाली. “मी बरुबर हुते. साडेसातलाच.”

“मग अकरा कसे वाजले?”

पारूने दगड सोडला आणि ती उभी राहिली. आता तिचाही संयम संपला होता.

“कसं म्हंजी? केसपेपरच्या खिडकीतल्या बाबानं इचारलं, काय हुतंय. हणमंत म्हणला, आई बोलंना. त्यानं मान वर न करता कागूद दिला. कान-नाक-घसा!”

पारूने हाताची माती झटकली.

“दुखणं घशाचं न्हाई, डोस्क्यातलं हाय म्हणून तीनदा सांगाया गेले. तिसऱ्या खेपंला म्हणला, बाई, तुमी डाक्टर हाय का? बसलो मग. घशाचा डाक्टर पावणेअकराला आला. त्यो बिचारा एक नजर बघून तिला उचलून तुमच्याकडं पळाला.”

“अहो, मग मला का नाही सांगितलं? मी साडेनऊपासून वरच्या मजल्यावर होतो! एक मजला!”

“साडेनवाला तुमी आमच्या पुढ्यातनंच वर गेला, साहेब.”

पारू एक पाऊल पुढे आली.

“साहेब साहेब म्हणून उठले मी. तुमच्या कानाला फोन हुता. हात असा केलात.”

पारूने हवेत हात झटकला. माशी हाकलावी तसा.

आल्हादला तो हात ओळखू आला. दिवसातून शंभरदा तो हात तसाच व्हायचा. वॉर्डात, जिन्यात, पेशंटच्या नातेवाइकांपुढे.

“हणमंतने तरी मला सांगायचं...”

एवढं बोलून तो थांबला. सांगत होता की तो. भिंतीला टेकून, चपला हातात घेऊन सांगत होता.

जीपचं तोंड फिरलं. आत निवृत्तीची बायको नवऱ्याच्या पिठाळलेल्या गालावरून हात फिरवत त्याला सारखी हाका मारत होती. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याला काहीतरी सांगायचं होतं.

“ब्... ब्...”

जीपवाल्याने हॉर्न दिला. मागचं फळकूट उघडंच होतं, आणि एक माणूस बसेल एवढी जागाही होती.

आल्हादचे डोळे भरून आले. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. ज्याला फाडून खायला आलो तो हा माणूस, आणि ज्याची फुशारकी मारत आलो ते आपलं दार! त्याला बरंच काही म्हणायचं होतं. चुकलो म्हणायचं होतं, खिडकीतल्या त्या माणसाचं आजच्या आज बघतो म्हणायचं होतं, आणि हेही विचारायचं होतं की बुवा, एवढं सगळं ठाऊक असून तुम्ही माझं इतका वेळ ऐकून कसं घेतलंत?

“बुवा, मी... मला काहीतरी सांगा. मी काय...”

तो खाली वाकला आणि दोन्ही हात बुवांच्या पायांकडे नेले.

बुवांनी पाय झटकन मागे घेतले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

“अहो डॉक्टर, पाय कुठं पळून जात नाहीत माझे. जीप निघाली!”