जेटीवरचा चंद्र

“म्हणजे अर्ध्या दिवसाच्या फरकावरून मला फासावर चढवायचं का?”

सुजय मयेकरनं हे विचारलं तेव्हा मुनाफबाबा दर्ग्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचं शेवाळ पत्र्याच्या तुकड्यानं खरवडत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

खाडीच्या तोंडाशी, खडकावर हा लहानसा दर्गा. फकिरी पत्करण्याआधी बाबांनी तीस वर्षं बंदरात भरती-ओहोटीच्या नोंदी केल्या होत्या. आज तिथी कोणती, चंद्र केवढा, त्यावरून पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार, हे गणित सुजय त्यांच्याकडेच शिकला. पुढे तो पुण्याला गेला, कॉम्प्युटरमधला झाला, आणि गावी परतला तो मान ताठ करूनच.

गेल्या दिवाळीत त्यानं एक शेल स्क्रिप्ट लिहिली. कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांच्या चाळीसेक ओळी. दिवाळीच्या अमावास्येपासूनचे दिवस मोजायचे, चांद्रमासानं भागायचे, बाकी उरेल तिच्यावरून चंद्राची कला काढायची. जेटीच्या भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं स्क्रीन बसवला. काळ्या स्क्रीनवर फुल्याफुल्यांचा चंद्र उमटायचा आणि खाली एक ओळ यायची... पाणी अमुक वाजता चढेल, त्याआधी खडकांवरून परत फिरा.

चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांहून जरासा मोठा. पण शेलमधल्या साध्या भागाकाराला अपूर्णांक कळत नाहीत. सुजयनं सरळ एकोणतीस धरले. चित्र सुंदर दिसत होतं, लोक फोटो काढत होते.

महिन्याला अर्धा दिवस गळत गेला. होळीच्या संध्याकाळी पारूकाकी, जन्मभर खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढणारी बाई, त्याला म्हणाली की आज पुनव आहे आणि तुझ्या स्क्रीनवरचा चंद्र एका बाजूनं चेपलाय. सुजयनं चारचौघांत तिला विचारलं, काकी, तुमचं शिक्षण कितवीपर्यंत?

त्यानंतर काकीनं आणि जुन्या बायांनी स्क्रीनकडे पाहणं सोडून दिलं.

वैजंता जुनी नव्हती. घाटावरून लग्न होऊन आलेली, समुद्र पहिल्यांदाच पाहणारी. तिला वाचता येत होतं, म्हणून ती स्क्रीनवरची वेळ वाचून खडकांवर गेली. वैशाख संपता संपता स्क्रीनवरचा चंद्र खऱ्या चंद्राच्या पावणेचार दिवस पुढे पळाला होता. भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते; त्या हिशेबानं पाणी स्क्रीनवरच्या वेळेच्या तीन तास आधी आलं. कालवांच्या धारदार कडांना धरून ती दोन तास लोंबकळत राहिली. होडी पोहोचली तेव्हा जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत.

“चूक सापडली, दुरुस्तही केली,” सुजय म्हणाला. “आता दिवस नाही, सेकंद मोजतो. अपूर्णांकाचा प्रश्नच नाही. पण बायांनी स्क्रीनवर गोणपाट टाकलंय. तुम्ही जेटीवर चला आणि त्यांना सांगा. तुमचं ऐकतील.”

“वैजंताकडे गेला होतास?”

“तिच्या घरचे शिव्या देतील. मी काय मुद्दाम केलं?”

बाबांनी पत्रा भिरकावला. तो पायऱ्यांवर आपटत पाण्यात गेला. इतक्या वर्षांत सुजयनं त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं तेव्हा त्याला भीती वाटण्याऐवजी अधिकच चीड आली.

“चालव तुझं ते,” बाबा म्हणाले. “समोरच्या कालवांच्या खडकापाशी पाणी आज तुझ्या कमरेला कधी लागेल?”

सुजयनं लॅपटॉप उघडला. ज्येष्ठाची द्वादशी, चंद्र भरत आलेला. त्यानं खडकाची उंची घातली आणि उत्तर वाचलं. सहा वाजून दहा मिनिटं.

“उतर.”

चार वाजले होते. लॅपटॉप आणि फोन पायरीवर ठेवून तो तसाच पँटसकट उतरला. मनगटावरचं घड्याळ काढायला लागला तर बाबांनी राहू दे म्हणून सांगितलं.

पहिला अर्धा तास तो मनातल्या मनात भांडत होता. काकीशी, वैजंताच्या नवऱ्याशी, या म्हाताऱ्याशी. एवढ्या गावात कुणी गावासाठी काही केलं होतं का? त्यानं केलं, आणि त्यालाच पाण्यात उभं केलं.

मग पाणी गुडघ्याला आलं. टाचांखालची वाळू सरकू लागली. एका लाटेनं तोल गेला म्हणून त्यानं खडक धरला, तर तळवा सरळ फाटला. खाऱ्या पाण्यानं अशी आग झाली की डोळ्यांत पाणी आलं. शिवी हासडून त्यानं हात सोडला. पुढची लाट आली... पुन्हा धरावाच लागला.

मांड्या बुडाल्या. मनातलं भांडण कधी थांबलं ते त्याला कळलं नाही.

पट्ट्याला पाणी लागताच पायरीवरून बाबांचा आवाज आला. फोनवर पाहून ते वेळ सांगत होते: सहा वाजून नऊ मिनिटं.

सुजय धडपडत वर आला. टेकण्याआधीच बोलला. “एका मिनिटाचा फरक. बघितलंत? आता तरी माना.”

“मानलं. गणित बरोबर आहे.” बाबांचा राग तसूभरही उतरला नव्हता. “घड्याळात किती वेळा पाहिलंस?”

सुजयनं मनगटाकडे पाहिलं. काचेवर रक्त आणि वाळू होती.

“... एकदाही नाही.”

“का? वेळ तर तूच काढली होतीस. दोन तास निवांत उभं राहायचं.”

“पाण्याकडे बघत होतो.”

“आणि?”

“... कुणी येतंय का, तेही बघत होतो.”

खाली वाकून बाबांनी लॅपटॉप उचलला आणि त्याच्या ओल्या, रक्ताळलेल्या हातांत दिला.

“वैजंताही दोन तास हेच बघत होती. आता हे दाखव त्या स्क्रीनवर.”