मरळीचं पोर आणि कोवळं शेवाळ

फार पूर्वीची गोष्ट, डोहाला अजून घाटही बांधला नव्हता तेव्हाची. मरळ नवरा-बायको जाळ्यात गेली आणि त्यांचं एवढंसं पोर मागे राहिलं. शेजारच्या रोहूबाईला मूलबाळ नव्हतं. तिनं त्याला जवळ घेतलं ते घेतलंच.

तिच्या घरची रीत एकच, जीव खायचा नाही. दगडावरचं कोवळं शेवाळ खरवडून ती आधी त्याला भरवायची. पोर मोठं गुणी. समोरून झिंगा गेला की डोळे तेवढे वळायचे, पण आईकडे बघून ते तोंड मिटून घ्यायचं.

पोर वाळत चाललं. कपारीतल्या खेकडीणमावशीला राहवेना. "अगं रोहू, तुझं आतडं वेटोळ्यांवर वेटोळी घातलेलं, त्यात पाला जिरतो. याचं आतडं आखूड. शेवाळ हिरवं आत जातं नि हिरवंच बाहेर येतं. मी बघते ना रोज! एखादा झिंगा खाऊ दे त्याला."

"मावशी, तुमचं लक्ष बरं असतं हो दुसऱ्याच्या ताटात!" रोहूबाई फणकारली. "माझं पोर आहे ते. दोन घास जास्त भरवीन."

"आई, पोट भरलंय, पण भूक जात नाही," पोर एकदा म्हणालं. तिनं आणखी शेवाळ आणलं.

एका सकाळी ते तळाशी निपचित पडलेलं दिसलं. आईच्या शब्दाखातर त्यानं ज्यांना कधी तोंड लावलं नाही, ते झिंगे त्याचे लचके तोडायला गोळा झाले. रोहूबाई शेपटीनं त्यांना हाकलत होती आणि मावशीला पुन्हा पुन्हा सांगत होती, "पोट भरलेलं होतं हो त्याचं."