कासाराच्या मैनेचं मागणं

लखू कासार भलता गोडबोल्या. त्याची हाक आली की नदीकाठच्या त्या गावातल्या म्हाताऱ्यासुद्धा मनगटं पुढं करायच्या! पण धंदा पडला काचेच्या बांगड्यांचा. खपायच्या त्याहून फुटायच्याच जास्त. घरी तो आणि आईवेगळी इवलीशी मैना. बाजाराच्या दिवशी लखू आपलं जुनाट होडकं वल्हवत पैलतीरी जाई, आणि मैना ओसरीच्या खांबाला चिकटून बसे. होडी बुडाली तर? बाबा आलेच नाहीत तर? पण सांगणार कसं? बाबा गावभर मिरवायचे, "माझी लेक वाघीण आहे वाघीण!" वाघिणीनं कुठं भ्यायचं असतं?

एका दुपारी बकुळीच्या बागेत, काटेरी कुंपणात काहीतरी चमचमलं. मोरपंखी पंखुल्यांची चिमुकली परी अडकली होती! बोटं रक्ताळली, तरी मैनेनं तिला अलगद सोडवलं.

"काय हवं ते एक माग, सोनुले," परी किणकिणली.

"बाबांची होडी कधी बुडू नये."

"मिळेल. पण नियम आहे हं. ज्याच्यासाठी मागायचं, त्यानं ते दिवस मावळायच्या आत तुझ्याच तोंडून ऐकायला हवं."

मैनेचं तोंड एवढंसं झालं.

घरी लखू उद्याच्या बाजाराची पेटी भरत होता. नव्या मालातली पहिली बांगडी लेकीच्या हाती भरायची, हा त्याचा नेम. "या वाघीणबाई, द्या हात!"

मैनेनं हात तर पुढं केला, पण डोळे अंगणाकडं. अंगणातलं ऊन केशरी होत चाललं.

बांगडी अंगठ्याशी अडली. लखू थबकला. गावोगावचे हात हाताळलेला गडी तो. घाबरलेल्या नवरीचा पंजा असाच लाकूड होतो, हे त्याला पक्कं ठाऊक. त्यानं बांगडी खाली ठेवली.

"मैने, हा हात भ्यालाय गं. वाघीण राहू दे बाजूला. काय झालं, सांग."

मैनेला हुंदका फुटला. "तुमची होडी बुडू नये, बाबा!"

"अगं वेडे, मीसुद्धा देवाचं नाव घेतच वल्हं मारतो!"

"तुम्ही भिता?"

"तर! उद्यापासून दोघं जाऊ. दोघं मिळून भिऊ."

"ऐकलं गं त्यांनी!" खिडकीत परी झगमगली. तिनं मूठभर रुपेरी चुरा नदीकडं उधळला. होडकं कमळाच्या पानासारखं तरंगू लागलं, आणि त्यात मैनेपुरतं इवलंसं निळं बाकडं उगवलं.

लखूनं लेकीला कुशीत घेतलं. "आणखी कशाची भीती वाटते गं तुला?"

"विहिरीची. हुप्प्या माकडाची. आणि तुमच्या घोरण्याची!"

बापलेक असे काही रंगले, की परी सोनेरी उजेडात विरघळून गेली, हे दोघांच्या ध्यानातही आलं नाही.