पहिला लाडू

एकदा एका शिष्याने आपल्या कुळाची वंशावळ गुरूंच्या पायांशी ठेवली आणि मान खाली घालून तो बसून राहिला. शिष्याचे नाव अंतोबा. तीन वर्षे त्याने जुनी कागदपत्रे धुंडाळली होती. पण पाच पिढ्यांमागच्या चांगोजीपाशी धागा तुटत होता. हा पुरुष कुठून आला, कुणालाच ठाऊक नव्हते. अंतोबाचे वडील आता थकले होते. "आपण मूळचे कुठले एवढं कळलं, की डोळे मिटायला मी मोकळा," असे ते रोज म्हणत.

गुरूंनी वंशावळ उघडलीसुद्धा नाही. त्यांनी विचारले, "शेजारीपाजारी होत नाही असं तुमच्या घरी काय होतं?"

"ज्वारीच्या पिठाचे लाडू. गुळाच्या पाकात मिरी आणि चिमूटभर मीठ घालून. लोक हसतात, गुरुदेव."

"ते आधी करायला शीक."

अंतोबाला नवल वाटले. तरी आईच्या हाताखाली महिनाभर चुलीपुढे बसून तो लाडू वळायला शिकला. पहिला लाडू भिकाजीच्या नावाने बाजूला ठेवायचा, हेही आईने शिकवले. भिकाजी कोण, ते तिलाही माहीत नव्हते; सासू ठेवत असे, म्हणून तीही ठेवी.

"मिरी जिकडे पिकते तिकडे जाऊ," असे म्हणून गुरू त्याला घेऊन निघाले. गावोगावी लाडू करायचे, वृद्ध स्त्रियांना द्यायचे. मात्र आपले नाव, कूळ, हेतू काहीही सांगायचे नाही, अशी आज्ञा होती. अठरा गावे झाली. बायका लाडू खात आणि आपल्या कामाला लागत.

"विचारल्याशिवाय कळणार तरी कसं?" अंतोबा चिडून म्हणाला. गुरू नुसते चालत राहिले.

घाट उतरल्यावर खाडीकाठच्या एका वाडीत एक म्हातारी झावळ्या विणत बसली होती. तिने लाडूचा तुकडा तोंडात टाकला आणि तिचे हात थांबले.

"पीठ परकं आहे," ती म्हणाली, "पण हात आमच्या घरातला आहे. आम्ही नाचणीचे करतो. बाबा, तुमच्यात पहिला लाडू कुणाचा?"

अंतोबाच्या अंगावर काटा आला. ही गोष्ट त्याने वाटेत कुणापाशी काढली नव्हती. "भिकाजीचा," तो कसाबसा म्हणाला.

म्हातारीने खांबाचा आधार घेतला. "भिकाजी आमचा मूळपुरुष. दुष्काळात त्याचा धाकटा भाऊ घाट चढून गेला, तो परत आलाच नाही. भिकाजीनं त्याच्या वाटणीचा लाडू काढून ठेवला. आम्ही अजून ठेवतो. चांगोजीचा."

दोन घरे, एकमेकांचा ठावठिकाणा नसताना, पाच पिढ्या एकमेकांच्या नावाचा घास काढून ठेवत आली होती! अंतोबाचे हात आपोआप जोडले गेले. कुणापुढे, हे त्यालाही उमगले नाही.

गुरू शांतपणे म्हणाले, "तू नाव सांगून विचारलं असतंस, तर पाहुण्याचं मन राखायला दहा जणांनी तुला आपलं म्हटलं असतं. चवीला कुणाचं मन राखता येत नाही. आणि तुझ्या कागदावर चांगोजी होता, भिकाजी नव्हता. मागे राहिलेल्याला तुझ्या घरच्या बायकांनी जपलं. त्यांना तू तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतंस."

म्हातारीने तोवर नाचणीचे पीठ परातीत काढले होते. अंतोबा हात धुऊन आला आणि तिच्या शेजारी बसला.

"आजी," तो म्हणाला, "अगदी सुरुवातीपासून सांगा."