कतरीनची जागा

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमच्या चिंचोळभाटच्या देवळात गळ्याचा आशीर्वाद असतो. फादर दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून मुलांच्या गळ्याला टेकवतात आणि घशाच्या दुखण्यापासून देवानं राखावं म्हणून प्रार्थना करतात. हे इतर गावांतही होतं. आमच्याकडे मात्र रांगेत पहिलं कुणी उभं राहत नाही. तेवढी जागा मोकळी सोडतात. फादर कमरेत वाकून मेणबत्त्या त्या मोकळ्या जागेत धरतात, लहान पोरीचा गळा येईल तेवढ्या उंचीवर. मगाशी तुमच्यातल्या एका ताईंनी विचारलं, इथं आशीर्वाद कुणाला देतात? बसा, सांगतो.

वसईवर पेशव्यांचा अंमल येऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात पाद्री इनास होते. इथलेच, केळीच्या वाडीतले. तरुणपणी गोव्याहून जहाजानं इटलीला जाऊन शिकून आलेले. ज्या शहरात ते शिकले, तिथले आर्चबिशप पुढे पोप झाले. त्या पोपांचं नाव आमच्या गोष्टीत उरलेलं नाही, पण माणूस विद्येचा भुकेला होता म्हणे. त्यांनी मेणाची माणसं करवून घेतली होती, कातडीखाली काय असतं ते उघडं दिसेल अशी. बायकांनाही विद्यालयात शिकवायला बसवलं होतं. आणि देवळात उभं राहून लोकांना विनवलं होतं, की तुमचं माणूस गेलं तर पुरण्याआधी वैद्यांना ते उघडून पाहू द्या, त्यात पाप नाही.

पाद्री इनास निरोप घ्यायला रोमला गेले, तेव्हा पोपांनी विचारलं, "तुझ्या गावात पोरं कशानं मरतात?"

"देवाच्या इच्छेनं," पाद्री म्हणाले.

"ते मलाही ठाऊक आहे," पोप म्हणाले. "पण कशानं, ते तू पाहिलंस का?"

 पाद्री खाली मान घालून निघाले, असं सांगतात.

ते गावी परतले आणि काही वर्षांनी थंडीत गावावर दुखणं आलं. पोरांचा घसा धरायचा, आवाज बसायचा, श्वास कोंडायचा आणि पोर तडफडून जायचं. लोक म्हणाले, खाडीवरची बाधा आहे, ती गळा आवळते. पाद्रींनी रविवारच्या मिस्साला, देवळातल्या उपासनेला, पदर पसरावा तशी विनवणी केली : ज्याचं लेकरू जाईल, त्यानं मला एकदा त्याचा गळा आतून बघू द्यावा.

देवळात गलका झाला. लोक ओरडले, जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले कबरीतून उठायचे, तेव्हा आमचं पोर काय फाटक्या गळ्यानं उठायचं? गावचा पाटील बस्त्याव उभा राहिला. "पोपसाहेब रोमला राहतात, पाद्री," तो म्हणाला. "त्यांना काय, त्यांची पोरं मरत नाहीत."

पाद्री वेदीकडे वळले.

नातालीन म्हणून एक विधवा होती. तिला एकच मुलगी, कतरीन. पोर दिवसभर गात असायची, म्हणून शेजारणी तिला साळुंकी म्हणायच्या. त्याच आठवड्यात कतरीनचा आवाज गेला आणि दोन दिवसांत पोर गेली. दुपारी बायका तिला न्हाऊ घालत होत्या. नातालीननं त्यांना थांबवलं, लेकीला उचललं आणि सरळ पाद्रींच्या घरी नेलं.

"बघा," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर. आणि तिचा चेहरा मोडू नका."

पाद्रींनी सुरी घेतली. तेव्हा नातालीननंच लेकीचं डोकं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरलं. पाद्रींनी गळा उघडला. आत घशाच्या वाटेवर पांढरट साय धरली होती, कोवळ्या शहाळ्यातल्या मलईसारखी. पण तिच्या खाली श्वासाची नळी स्वच्छ, मोकळी होती. पाद्री रडू लागले.

"काय झालं?" नातालीननं विचारलं.

"दार तेवढं बंद होतं," ते म्हणाले. "खाली भोक पाडून नळी घातली असती, तर वारा आत गेला असता."

"मग वाचली असती?"

पाद्रींना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "कदाचित वाचली असती."

 नातालीन म्हणाली, "आता शिवून द्या तिला."

पुढे काही दिवसांनी बस्त्याव पाटील धावत पाद्रींच्या दारात आला. त्याच्या हातांत त्याची धाकटी लेक मोनी, ओठ निळे पडलेले. मागोमाग त्याची बायको आणि निम्मं गाव आलं. पाद्रींनी सुरी आणि बोरूची पोकळ कांडी घेतली. पण पोरीला गच्च धरणार कोण? आईला बघवेना, बापाला धरवेना. गर्दीतून नातालीन पुढे आली, खाली बसली आणि मोनीचं डोकं तिनं तसंच धरलं. सुरी लागली, कांडी आत गेली आणि शिट्टीसारखा आवाज करत पोरीनं श्वास घेतला.

मोनी जगली. त्या थंडीत आणखीही काही पोरं तशी वाचली. सगळी नाही वाचली.

फेब्रुवारीत आशीर्वादाचा दिवस आला. आया पोरांना घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे नातालीन, एकटीच, बाजूला हात असा धरून, जणू खाली कुणाच्या खांद्यावर ठेवलाय. पाद्री क्षणभर थबकले, मग वाकले आणि मेणबत्त्या तिथं धरल्या. कुणी हसलं नाही. ती जिवंत होती तोवर दरवर्षी असंच झालं, आणि ती गेल्यावर बस्त्याव पाटलानं ती जागा राखायला लावली.

त्या पहिल्या वर्षी मिस्सा सुटल्यावर पाटलीणबाई मोनीला घेऊन नातालीनच्या दारी गेली होती. म्हणाली, "बाय, ही आता तुझीही लेक."

नातालीननं मोनीच्या गळ्यावरच्या व्रणावरून बोट फिरवलं, पोरीला जवळ घेतलं आणि पुन्हा आईच्या कडेवर दिलं. "घेऊन जा गं," ती म्हणाली. "हिच्यावर माझा राग नाही. पण मला माझी हवी होती."

आजही आमच्याकडे पोर मोठ्या दुखण्यातून उठलं, की आई नातालीनच्या कबरीवर फुलं ठेवायला जाते. पोराला मात्र ती कबरस्तानाच्या फाटकाबाहेर कुणाच्या तरी कडेवर ठेवते आणि आत एकटीच जाते.